दाराचं हँडल काढण्याआधी

१९६२ सालच्या एका फोक्सवॅगन बीटलच्या डाव्या दाराचं, काच वरखाली करायचं हँडल मी पंधरा मिनिटांत मोडलं होतं. गाडी मित्राची, त्याच्या वडिलांनी जिवापाड जपलेली. दाराच्या आतलं पॅड पाणी लागून फुगलं होतं, ते बदलायचं तर आधी हँडल काढायला हवं होतं. हँडलवर कुठे स्क्रू दिसेना. तेव्हा ते नुसतं दाबून बसवलेलं असणार असं मी ठरवून टाकलं, मागे पेचकस घातला आणि उचकटलं. 'कट्' असा आवाज झाला. हँडल मुळाशी तडकलं, आणि त्या तडकलेल्या जागेतून लोखंडाची बारीक पिन दिसू लागली. गाडीबरोबर आलेली, जागची न हललेली. बारीक खिळ्याने ढकलली असती तर ती सरळ बाहेर आली असती.

त्या दिवसापासून जुन्या गाडीच्या दाराशी बसलो की हत्यारांची पेटी हाताशी घेत नाही, थोडी लांब ठेवतो. आधी बॅटरी घेतो आणि बघतो. दाराची आतली हँडलं ताकदीने निघत नाहीत. ती कशाने धरून ठेवली आहेत हे दिसलं की निघतात, आणि तेवढं दिसायला बहुतेक वेळा पाच मिनिटं पुरतात. या लेखात सांगायचं आहे ते मुख्यतः हेच. बाकी सगळा तपशील आहे, पण तो तपशील माहीत नसला की माझ्यासारखं होतं.

इतक्या लहानशा वस्तूसाठी एवढा खटाटोप कशाला, असं वाटू शकतं. पण गाडीत बसणाऱ्याचा हात ज्या मोजक्या वस्तूंना रोज लागतो त्यांतली ही एक. स्टीअरिंग, गिअरचा दांडा आणि दाराचं हँडल. अंगठा जिथे टेकतो तिथला क्रोम विरळ झालेला असतो, त्याखालचा निकेलचा किंचित पिवळसर रंग दिसत असतो. ती झीज त्या घराची असते. बाजारात नव्या नकला मिळतात, काही चांगल्याही असतात, पण हँडल ज्या दांड्यावर बसतं त्याच्या दात्यांची मापं जुळत नाहीत, वजन हलकं लागतं, आणि चार दारांपैकी एकाचंच हँडल नवं असलं की ते कायम डोळ्यांत खुपतं. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली, तेव्हा पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकी वाहनांना 'व्हिंटेज' म्हणून नोंदणीची आणि 'व्हीए' अक्षरांच्या क्रमांकाची सोय झाली. त्यात अट अशी की चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे बदल झालेले नसावेत. हँडल त्या अटीत येत नाही. तरी जी गाडी मूळ रूपात उभी करायची, तिच्यातली मूळ वस्तू मोडून नवी लावण्यात काय अर्थ आहे?

आपल्याकडच्या जुन्या दारांत एकच एक पद्धत सापडत नाही, याला कारण आहे. जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना १९२८ साली मुंबईत शिवडीला सुरू झाला. पुढे १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला आधी डॉज-प्लिमथ आणि मग फियाट जुळवल्या; त्याच फियाटची १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' झाली आणि मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर राहिली. ॲम्बॅसडर बंगालातून आली, पण तिचा वंश इंग्रजी मॉरिस ऑक्सफर्डचा. बीटल जर्मन. म्हणजे एकाच गल्लीत उभ्या असलेल्या चार गाड्यांत चार देशांच्या सवयी असतात. त्यात मधल्या काळात प्रत्येक दार तीन-चार मिस्त्रींच्या हातांखालून गेलेलं असतं. मूळ पिन हरवली म्हणून कुणी खिळा कापून घातलेला असतो, क्लिप तुटली म्हणून कुणी हँडलच्या मधोमध भोक पाडून स्क्रू मारलेला असतो. विशेषतः जी पद्मिनी कधीकाळी टॅक्सी होती तिच्या बाबतीत छापील माहितीवर विसंबू नका. चार दारांना चार तऱ्हा असू शकतात. प्रत्येक दार स्वतंत्रपणे बघा.

बघायच्याही आधी दोन कामं उरकून घ्यावी लागतात.

पहिलं काम म्हणजे काच पूर्ण वर घ्यायची, आणि त्या स्थितीत हँडल कोणत्या दिशेला थांबतं त्याचा फोटो काढायचा. फोटोबरोबर पॅडवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर पेन्सिलीने हँडलची रेघ मारून ठेवा, कारण फोटोतला कोन तिरक्या कॅमेऱ्यामुळे फसवतो. कारखान्यातून आलेल्या गाडीत काचा बंद असताना दोन्ही बाजूंची हँडलं एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखी उभी असतात. परत बसवताना याच रेघेचा उपयोग होणार आहे. दार उघडायच्या हँडलचंही तसंच. ते मोकळं असताना कुठे उभं राहतं, ओढल्यावर कुठवर येतं, आणि पुढे ढकलल्यावर काय होतं, हे लिहून ठेवा. अनेक जुन्या गाड्यांत वेगळं बटण नसतं. आतलं हँडल पुढे ढकललं की दार आतून लॉक होतं. हे लक्षात न घेता हँडल एक दाता चुकवून बसवलं तर दार उघडतं पण लॉक होत नाही, किंवा उलट.

दुसरं काम त्याहून गरजेचं. दाराचं बाहेरचं हँडल चालतं का, ते तपासा. आतलं काढून ठेवल्यावर वाऱ्याने किंवा पोराच्या धक्क्याने दार बंद झालं आणि बाहेरचं हँडल नुसतंच हलत राहिलं, तर आत शिरायला दुसऱ्या दाराने जाऊन उघड्या दांड्याला पक्कड लावून फिरवायची वेळ येते. त्यात दांड्याचे दाते झिजतात. म्हणून काम चालू असेपर्यंत दार सताड उघडं ठेवा आणि उंबऱ्यावर जाडसर घडीची सतरंजी किंवा लाकडाचा तुकडा ठेवा, म्हणजे लोटलं तरी कुलपापर्यंत पोचणार नाही.

आता बसा. स्टुलावर नको, जमिनीवर. डोळे हँडलच्या पातळीला आले पाहिजेत. हँडलच्या बुडाशी, पॅडला टेकलेली एक गोल चकती असते, प्लास्टिकची किंवा क्रोमची. तिला या लेखापुरतं बशी म्हणू. दोन्ही हातांच्या बोटांनी ही बशी दाराकडे दाबून बघा. ती आत जाते का? गेली, तर मागे स्प्रिंग आहे, आणि उघड्या पडलेल्या फटीत बॅटरीचा उजेड टाकला की उत्तर समोर येतं. फटीत हँडलच्या मानेतून आरपार गेलेलं एक बारीक भोक आणि त्यात पिनेचं टोक दिसलं, तर पिनेची पद्धत. पिन नाही, पण मानेला बिलगून बसलेली तारेची किंवा पत्र्याची कमान दिसली, तर क्लिपची. यांपैकी काहीच दिसलं नाही तर नजर बाहेर आणा. हँडलच्या मधोमध एखादी सुटी वाटावी अशी टोपी आहे का, कडेला किंवा खालच्या अंगाला लहान षटकोनी भोक आहे का, ते पाहा. माझ्या अनुभवात या चारच्या पलीकडे फारसं काही निघालेलं नाही.

पिनेची पद्धत सगळ्यांत जुनी आणि मला सगळ्यांत आवडणारी. दोन महायुद्धांच्या मधल्या गाड्यांपासून साठच्या दशकातल्या बीटलपर्यंत ती दिसते. हँडल दांड्यावर बसवायचं, दोघांची भोकं जुळवायची, त्यातून पिन घालायची आणि बशी सोडून द्यायची. मागच्या स्प्रिंगने बशी पुढे येते आणि पिनेची दोन्ही टोकं झाकून टाकते. पिन बाहेर पडूच शकत नाही. ना स्क्रू, ना आटे. इतकी साधी जोडणी साठ साठ वर्षं टिकते.

ती सोडवायला मात्र तीन हात लागतात. दोन बशी दाबून धरायला, एक पिन ढकलायला. जोडीला कुणी असेल तर उत्तम. नसेल तर तीन-चार मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचा तळहाताएवढा तुकडा घ्या आणि त्याला हँडलच्या मानेपेक्षा थोडी रुंद अशी इंग्रजी 'यू'च्या आकाराची खाच पाडा. ही खाच मानेभोवती घालून तुकडा दाराकडे दाबला की बशी चोहोबाजूंनी सारखी आत जाते. बोटांनी दाबताना ती एका बाजूला कलते आणि जुनं प्लास्टिक असेल तर चिरते; लाकडाने तसं होत नाही. कापलेली कड पॉलिशपेपरने गुळगुळीत करायला विसरू नका, नाहीतर पॅडच्या रेक्झिनवर ओरखडा उमटतो.

पिन ढकलायला पिनेपेक्षा किंचित बारीक, पुढून सपाट असलेला पंच हवा. नसेल तर लोखंडी खिळ्याचं टोक कानसून सपाट करा. टोकदार खिळा पिनेच्या डोक्यात रुततो, ते पसरवतो, आणि मग पिन भोकात आणखी घट्ट होते. आधी हातानेच दाबून बघा. पुष्कळदा तेवढ्याने सरकते. नाही सरकली तर लहान हातोडीने हलके ठोके, आणि हँडलच्या दुसऱ्या बाजूला लाकडाचा ठोकळा आधाराला धरलेला. आधाराशिवाय मारलेला प्रत्येक ठोका दांड्यामार्गे, काच वरखाली करणाऱ्या आतल्या मशीनला बसतो. एका दिशेने अजिबात हलत नसेल तर उलट दिशेने प्रयत्न करा. काही पिना किंचित निमुळत्या असतात आणि एकाच बाजूने निघतात. खाली चादर अंथरलेली असू द्या, तिच्यावर चुंबक असू द्या. सांडलेली पिन सापडते; दाराच्या आत पडलेली पिन पावसाळाभर तळाशी गंजत राहते आणि प्रत्येक खड्ड्याला खुळखुळते.

क्लिपचा प्रकार अमेरिकन गाड्यांमध्ये, विशेषतः पन्नास-साठच्या दशकांतल्या शेवरोले आणि त्यांच्या भावंडांमध्ये सर्रास दिसतो. पुढे इतरांनीही तो उचलला. घोड्याच्या नालासारखी ही स्प्रिंगची क्लिप हँडलच्या मानेतल्या दोन फटींतून शिरून दांड्याच्या खोबणीला पकडते. बाहेरून काही दिसत नाही म्हणून लोक उचकटायला जातात. तिच्यासाठी दुतोंडी चपटं हत्यार मिळतं, स्वस्त असतं, आणि तुमच्याकडे अशी चार दारं असतील तर घेऊन टाका. पण त्याच्याशिवायही हे काम होतं, आणि ते करायची रीत पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला गंमत वाटली होती. जुन्या सुती धोतराची किंवा पंच्याची लांब पट्टी घ्यायची. हँडल आणि बशी यांच्या फटीत ती सरकवायची, दोन्ही टोकं दोन हातांत धरायची, आणि बूट पॉलिश करताना फडकं ओढतात तसं डावी-उजवीकडे ओढत कापड क्लिपच्या उघड्या टोकांकडे दाबत न्यायचं. कापडाचे धागे टोकांत अडकतात आणि क्लिप मागे सरकत सरकत सुटते. नवं सुळसुळीत कापड चालत नाही; जुनं, खरबरीत, भरपूर धुतलेलं हवं.

सुटते तेव्हा ती उडते. गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पडण्याइतकी ताकद तिच्यात असते, डोळ्यालाही लागू शकते. चष्मा घाला, आणि हँडलभोवती पातळ प्लास्टिकची पिशवी गुंडाळून त्यातून काम करा. क्लिप पिशवीत पडेल. उजेड टाकून आधी तिची उघडी टोकं कुठल्या दिशेला आहेत ते बघून घेतलं असेल तर आणखी एक मार्ग उरतो: टोकांकडून ढकलायच्या ऐवजी तिच्या गोल पाठीत दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला बारीक आकडा अडकवून ओढायचं. ज्या क्लिपा गंजून पातळ झाल्या आहेत त्यांना मी आकडाच वापरतो, कापड नाही.

स्क्रूच्या पद्धतीला फार शब्द नकोत. १९६८ नंतरच्या बीटलमध्ये आणि पुढे इतर पुष्कळ गाड्यांत हँडलवर एक टोपी किंवा पट्टी असते, तिच्याखाली स्क्रू. टोपी लाकडाच्या चपट्या काडीने उचला, लोखंडाने नाही; कुल्फीची काडी छान चालते. स्क्रूच्या खाचेत वर्षानुवर्षांचा मळ भरलेला असतो. तो सुईने साफ केल्याशिवाय पेचकस लावू नका, आणि पेचकस खाचेत अगदी भरून बसेल असाच निवडा. फुलीच्या स्क्रूंतही प्रकार आहेत. साठच्या दशकापासून इंग्रजी गाड्यांत आलेल्या पोझीड्राइव्ह स्क्रूला साधा फिलिप्स लावला तर तो निसटून खाच खाऊन टाकतो. मुख्य फुलीच्या मध्ये आणखी चार बारीक रेघा कोरलेल्या दिसल्या की तो पोझीड्राइव्ह.

षटकोनी भोकाच्या, म्हणजे ॲलनच्या स्क्रूबाबत एकच सांगणं. अमेरिकन गाडी असेल तर माप इंचांत आहे. एक अष्टमांश इंच म्हणजे ३.१७५ मिलिमीटर, त्यात ३ मिलिमीटरची चावी जाते, फिरते, आणि भोक गोल करून ठेवते. इंची चाव्यांचा संच आणा. आणि तो स्क्रू पूर्ण बाहेर काढू नका, सैल झाला की पुरे. पूर्ण काढला की पडतो आणि हरवतो.

आता अडलेलं हँडल. पिन निघाली, क्लिप सुटली, आणि तरी हँडल दांड्यावरून हलत नाही. समुद्रकाठच्या गाड्यांत हे नेहमीचं. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, पणजी इथल्या खाऱ्या दमट हवेत लोखंडी दांडा आणि हँडल यांच्यामध्ये गंज आणि पांढरी भुकटी यांचा लगदा होऊन बसतो. इथे घाई केली की हँडल तुटतं, कारण ते पोलाद नाही. तीसच्या दशकानंतरची बहुतेक हँडलं जस्ताच्या मिश्रधातूची, साच्यात दाबून ओतलेली असतात. या मिश्रधातूंचं 'झामाक' हे कुटुंब १९२९ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सी झिंक कंपनीने आणलं, इंग्रज त्याला 'माझाक' म्हणाले. ओतायला सोपं, नक्षी सुरेख उतरते, क्रोम छान चढतो. पण वाकत नाही, तुटतं. जुन्या ओतिवांत शिशाचा अंश राहिला असेल तर दमट हवेत ते आतून भुसभुशीत होत जातं. वरून क्रोमला बारीक फोड दिसतात आणि आत कणाकणाने तडा गेलेला असतो. असे फोड दिसले तर ठोका मारूच नका.

तेल द्या. गंज सोडवणारं तेल मानेच्या फटीत दोन थेंब, सकाळी आणि संध्याकाळी, निदान दोन दिवस. डिझेल आणि रॉकेल मिसळून सोडायची गॅरेजांतली जुनी चाल आहे, तीही चालते, फक्त तिचा वास आठवडाभर गाडीत राहतो. तेल पॅडवर ओघळू नये म्हणून बशीच्या मागून पुठ्ठ्याची एक चकती सरकवा. कापडी पॅडवर पडलेला तेलाचा डाग पुन्हा निघत नाही. मग ऊब. ब्लो-लॅम्प नको, अजिबात नको. हा धातू ३८० अंशांच्या आसपास वितळायला लागतो आणि त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतो. घरातला केस वाळवायचा ड्रायर पुरतो, किंवा उकळत्या पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं पाच मिनिटं गुंडाळून ठेवलं तरी. यामागचं कारण सोपं आहे. तेवढ्याच उष्णतेत जस्त पोलादाच्या दुपटीहून अधिक प्रसरण पावतं, म्हणजे बाहेरचं हँडल आतल्या दांड्यापेक्षा जास्त फुगतं आणि दोघांची मिठी सैल होते. ऊब, तेल, हाताने डाव्या-उजव्या बाजूला केसभर हलवणं, थांबणं. पुन्हा ऊब. माझ्याकडचं सर्वांत हट्टी हँडल चौथ्या दिवशी निघालं, आणि निघालं तेव्हा कसलाच जोर लागला नाही.

ओढायचंच झालं तर दोन पायांचा लहान पुलर लावा, पाय बशीच्या मागे नव्हे, तर हँडलच्या मानेखाली, आणि टोक दांड्याच्या बरोबर मध्यावर. हाताने झटके देऊन बाहेर ओढू नका. त्याने काचेच्या मशीनचा पत्रा वाकतो आणि मग काच अर्ध्यावर अडकायला लागते. तो दोष पुढे कशामुळे आला हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

हँडल हातात आलं की बशी, तिच्यामागची नमद्याची किंवा प्लास्टिकची वॉशर, आणि मोठी शंकूच्या आकाराची स्प्रिंग एकामागून एक निघतील. स्प्रिंग बहुतेक वेळा पॅडच्या मागे असते आणि पॅड सुटेपर्यंत दिसत नाही. जे ज्या क्रमाने निघालं ते त्याच क्रमाने आणि त्याच तोंडाने सुतळीत ओवा, टोकाला गाठ मारा, आणि चिठ्ठी बांधा: 'पुढचं उजवं, काच'. डावं-उजवं कायम गाडीत बसलेल्या माणसाच्या बाजूने मोजा. पिशव्यांपेक्षा मला सुतळी बरी वाटते, कारण पिशवीत वस्तू राहतात पण क्रम राहत नाही. स्प्रिंगची रुंद बाजू आत होती की बाहेर, हे सहा महिन्यांनी कुणालाही आठवत नाही.

मग पॅड. ते हार्डबोर्डच्या पाठीला रेक्झिन लावलेलं, काठाला स्प्रिंगच्या क्लिपांनी दाराच्या भोकांत रोवलेलं असतं. प्रत्येक क्लिपच्या अगदी लगत चपटी काडी घालून एकेक उचला. मध्येच धरून ओढलं की क्लिप दारात राहते आणि हार्डबोर्डला भोकाएवढं खिंडार पडतं. पॅडच्या मागे मेणकागद किंवा प्लास्टिक चिकटवलेलं असेल तर ते फाडून फेकून देऊ नका. काचेच्या फटीतून दारात शिरणारं पावसाचं पाणी पॅडला लागू नये म्हणून ते असतं. मित्राच्या बीटलचं पॅड फुगलं होतं ते हे प्लास्टिक कुणीतरी पूर्वी काढून टाकल्यामुळेच. दाराच्या तळाची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा. मशीनच्या दात्यांना आणि कुलपाच्या सांध्यांना ग्रीस द्या. काचेच्या कडेच्या नमद्याच्या पट्ट्यांना मात्र ग्रीस नको, त्यात धूळ रुतून काचेवर चरे पडतात.

हँडल धुवायला कोमट पाणी, साबणाचे दोन थेंब आणि दात घासायचा मऊ ब्रश. तांब्या-पितळेची भांडी उजळायची पावडर, चिंच, लिंबू यांना दूर ठेवा. क्रोमचा थर फार पातळ असतो, आणि जिथे तो फुटला आहे तिथून आंबट पदार्थ सरळ जस्तावर जातो आणि खड्डे पाडतो. मुठीचा गोळा जुन्या प्लास्टिकचा असेल तर थिनर किंवा नेलपॉलिश काढायचं द्रावणही नको. काही प्लास्टिकं त्यात विरघळतात.

नवं प्लेटिंग करायचं की नाही, यावर माझं मत सांगतो. क्रोम घट्ट आहे, फक्त झिजलेला आहे, तर करू नका. फोड आले असतील, सोलवटत असेल, तर करावंच लागेल, आणि तेव्हा प्लेटिंगवाल्याला धातू कोणता हे तुम्ही स्वतः सांगा. हँडलच्या मागच्या, न दिसणाऱ्या भागावर कानशीची एक रेघ ओढा. पिवळं दिसलं तर पितळ, राखाडी दिसलं तर जस्त. वीस-तीसच्या दशकांतल्या गाड्यांत पितळेची हँडलं मिळतात आणि ती पुन्हा पुन्हा प्लेटिंग सोसतात. जस्ताचं हँडल मात्र जुना क्रोम उतरवण्यासाठी पितळेसारखं आम्लात टाकलं की संपतं. एकदा माझी दोन हँडलं अशीच परत आली. नक्षीच्या कडा विरघळून गोल झाल्या होत्या आणि आतून भोकं मोठी झाली होती. चूक माझी होती, मी धातू सांगितला नव्हता. जस्ताला आधी सायनाइडच्या द्रावणातून तांब्याचा थर चढवतात, मग निकेल, मग क्रोम. त्या रसायनांचं काम घरी करायचं नाही. आणि जोडीतलं एकच हँडल कधी देऊ नका. चारही एकाच वेळी, एकाच टाकीतून निघाली तरच चमक सारखी येते.

हँडल फारच गेलं असेल तर मूळ हँडल शोधा. पुण्यात जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोर बाजार आहेत. जाताना जुनं हँडल खिशात ठेवा आणि विकणाऱ्याच्या समोर दांड्याचं भोक भोकाशी ताडून बघा. नुसतं दिसायला सारखं असून भागत नाही. दात्यांची संख्या मोजा.

बसवताना क्रम उलटा. दांड्याच्या दात्यांना बोटभर ग्रीस चोळा, म्हणजे पुढच्या वेळी, दहा-पंधरा वर्षांनी, दुसऱ्या कुणाला तरी चार दिवस घालवावे लागणार नाहीत. पिनेच्या पद्धतीत हँडल अर्ध्या वर्तुळाने उलटंही बसू शकतं, तेव्हा पेन्सिलीची रेघ बघा. जुनी पिन वाकली असेल तर नवी पोलादी पिन कापून घ्या, लांबी अशी की मानेच्या दोन्ही बाजूंना ती आतच राहील. केसभर जरी बाहेर आली तरी बशी तिच्यावरून सरकणार नाही. क्लिपच्या पद्धतीत क्लिप आधी हँडलमध्ये बसवा आणि मग हँडल तळहाताने दांड्यावर सरळ दाबा. 'टक्' आवाज आला की ती खोबणीत गेली. आवाज आला नाही तर ओढून बघा, सुटून हातात येईल, पुन्हा बसवा. बशी पॅडला टेकली पाहिजे, पण रुतता कामा नये. रुतली तर दोन महिन्यांत रेक्झिनवर गोल वण पडतो. अशा वेळी स्प्रिंग उलटी बसली आहे किंवा मागची वॉशर राहिली आहे, असं समजा.

सगळं झाल्यावर दार लगेच लोटू नका. काच आधी पूर्ण खाली घ्या. दार उघडंच ठेवून कुलपाची जीभ पेचकसाच्या टोकाने बंद स्थितीत ढकला आणि आतलं हँडल ओढून बघा, ती सुटली पाहिजे. पुन्हा ढकला, हँडल पुढे करून लॉक होतं का बघा, आणि मग लॉक सोडून बाहेरच्या हँडलनेही एकदा करून पाहा. हे तिन्ही जमलं तरच दार बंद करा, आणि काच खालीच असू द्या, म्हणजे काही अडलंच तर हात आत घालून उघडता येईल.

मित्राच्या बीटलला तुटलेल्या हँडलच्या जागी दुसरं मिळायला आम्हाला अकरा महिने लागले. ते साठच्या दशकातलंच आहे, दुसऱ्या कुठल्या तरी बीटलमधून निघालेलं. त्याच्यावर अंगठ्याची झीज आहे, पण ती मित्राच्या वडिलांच्या अंगठ्याची नाही. मूळ हँडलचे दोन तुकडे त्यांनी अजून कपाटात ठेवले आहेत.